टेपचा कान

मावशीच्या दुकानात दिवा विझला की काम फत्ते झालं असं समजायचं.

ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण तिची रीतच तशी होती. गाड्यांना मागाहून बसवलेले धुक्याचे दिवे, म्हणजे फॉग लाइट, हा तिचा खास विषय. असे दिवे लावून घेतले की पुष्कळांचा फ्यूज उडायला लागायचा आणि मग ते दुकानाच्या दारात येऊन उभे राहायचे. इतर ठिकाणी नवा फ्यूज घालून देत, तोही उडला की आणखी एक. मावशी आधी दोन्ही दिवे सोडवून ठेवायची, उडालेला फ्यूज काढायची आणि त्याच्या जागी हेडलाइटचा एक जुना बल्ब दोन तारांनी जोडायची. वायर कुठे गाडीच्या पत्र्याला लागत असेल तर स्विच दाबताच तो बल्ब लख्ख पेटे. मग ती वायर चाचपत निघायची, बॅटरीपासून बंपरपर्यंत, हलवत, वाकवत, जराशी ओढत. जिथे हात लागताच बल्ब विझेल तिथे दुखणं.

"फ्यूज एकदाच ओरडतो आणि मरतो," ती म्हणायची. "बल्ब बिचारा सापडेपर्यंत बोलत राहतो."

ती माझी सख्खी मावशी, पण त्या सगळ्या रस्त्याचीही मावशीच होती. दुकानाच्या पाटीवर नाव काकांचं होतं. गिऱ्हाईक मात्र यायचं आणि विचारायचं, "मावशी आहे का?"

"मी आहे ना," काका म्हणायचे.

"मग थांबतो."

काका चिडायचे. मावशी गाडीखालूनच सांगायची, "त्यांच्या नादी लागू नका हो. त्यांचा फ्यूज पाच अँपिअरचा आहे."

दुकान तसं लहान. एक गाडी आत आणि एक अर्धी रस्त्यावर, एवढीच जागा. भिंतीवर खिळ्यांना वायरची रंगीत भेंडोळी, गिऱ्हाइकाला बसायला भंगारातल्या गाडीची मागची सीट, कोपऱ्यात तडा गेलेलं बेसिन. फळीवर बिस्किटांचा मोठा डबा. त्यात पुठ्ठ्याचे खण करून मावशीने फ्यूज रंगवार लावलेले: लाल दहाचे, निळे पंधराचे, पिवळे विसाचे, हिरवे तिसाचे. लहानपणी मला त्या डब्याशी खेळायचं असायचं. ती खेळू द्यायची, पण डबा परत देताना खण बघून घ्यायची.

या धंद्यात ती आली ती डबा द्यायला म्हणून. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. काका एका गाडीच्या बंपरमागे हात घालून बसले होते आणि हात काही आत जात नव्हता. बंपर उतरवायचा म्हणजे अर्धा दिवस गेला. मावशीने जेवणाचा डबा सीटवर ठेवला, बाही वर केली, हात आत सरकवला आणि वायरचं टोक बाहेर काढून काकांच्या हातात दिलं. काका सांगायचे, "जेवण गार झालं ते झालंच. पण ही जी दुकानात शिरली ती काही परत जाईना." त्यांना मूलबाळ झालं नाही. संसार म्हणावा तर तो त्या दुकानातच झाला.

तेव्हापासून दिव्यांमागचे सांधे मावशीचे आणि बाकीचं काम काकांचं, अशी वाटणी पडली. बंपर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत काकांचा हात कधीच गेला नाही.

मावशीच्या कामाची एक खूण होती. सांध्यावर काळी टेप गुंडाळून झाली की शेवटचं टोक ती चिकटवून टाकत नसे. नखाएवढं टोक स्वतःवरच दुमडायची आणि मोकळं ठेवायची. त्याला ती कान म्हणायची. पुढे कधी सांधा उघडायची वेळ आली तर कान धरून ओढायचं, टेप सरळ सुटून येते. नाहीतर ब्लेड लावावं लागतं आणि ब्लेड वायरीलाही लागतं.

"आज आपण बांधतोय," ती म्हणायची, "उद्या कोणाला तरी उघडावं लागणार. त्याचे हाल कशाला?"

आणि एक गोष्ट ती मरेपर्यंत करणार नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालून देणं. गिऱ्हाइकं गळ घालायची, वैतागायची. ती हलायची नाही. "फ्यूज उडाला म्हणजे त्याने गाडी वाचवली. त्याला शिव्या कसल्या देता? मोठा फ्यूज घालायचा म्हणजे वॉचमनला झोपेचं औषध पाजून बंगला उघडा टाकायचा."

*

आजाराची सुरुवात हसण्यावारी गेली. एकदा तिला पक्कड हवी होती आणि शब्द सापडेना. "ती द्या ना, ती चावणारी," ती म्हणाली. लंबू टॅक्सीवाला तिथे होता. सहा फुटांच्या वरचा माणूस, टॅक्सीत घडी घालून बसायचा. तो म्हणाला, "मावशी, दुकानात कुत्री पाळली की काय?" सगळे हसले, मावशीसुद्धा. पुढे कित्येक दिवस पक्कडीला तिथे चावणारी हेच नाव पडलं.

मग ती हातात टेप घेऊन उभी राहायला लागली. कोणत्या गाडीसाठी घेतली ते आठवेपर्यंत उभीच. एकदा घरी जाताना पूर्वी भाड्याने राहत होते त्या घराच्या दाराला किल्ली लावत बसली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. काकांनी ते नाव आमच्याकडे येऊन एकदा उच्चारलं, माझ्या आईने कागदावर लिहून घेतलं, आणि त्यानंतर काकांच्या तोंडून ते कधी ऐकलं नाही. कोणी विचारलं की ते म्हणत, "जरा विसरते."

काकांनी आपली एक रीत बसवली होती. मावशीचं काम झालं की ते म्हणत, "हात धुऊन घे, चहा सांगतो." ती बेसिनकडे गेली की ते तिने बांधलेले सांधे कान धरून एकेक सोडवत. कुठे काळ्या वायरीला लाल जोडलेली असे, कुठे पीळ सैल. नीट करून पुन्हा टेप लावत आणि कानही काढून ठेवत. त्यांचा कान जाड यायचा, पानाच्या घडीसारखा. मावशी परत आली की चहा पीत दोघं गाडीकडे बघत बसत. तिला काही कळत नसे, निदान तसं ती दाखवत नसे.

पण बंपरमागच्या फटीत त्यांचा हात जात नव्हता. तिथला सांधा तपासायचा तर बंपर उतरवावा लागला असता आणि तोही तिच्या डोळ्यांदेखत. तेवढी एक जागा ते तिच्यावर सोडून देत. त्या बोटांना सगळं पाठ आहे, अशी ते स्वतःची समजूत घालत.

माझ्या आईला हे पटत नव्हतं. ती मोठी बहीण. एका सकाळी तिने मला डबा देऊन दुकानात पाठवलं आणि निरोप दिला, "काकांना सांग, तिला आता घरी बसवा. उद्या काही होऊन बसलं तर?"

मी गेले तेव्हा मावशी मागे वायरची भेंडोळी रंगवार लावत होती. मी निरोप सांगितला. काका रिलेचे, म्हणजे दिव्यांना वीज सोडणाऱ्या डबीचे, पाय घासत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"घरी ती मला विचारते, गॅस कुठे आहे," ते म्हणाले. "न्हाणीघर कुठलं विचारते. इथे एकदा तरी विचारलं का, चावणारी कुठे ठेवलीय म्हणून? इथे आली की ती असते गं. घरी नसते."

"आई म्हणते, एखाद्या गाडीचं काही झालं तर—"

"आणि तिला सांगणार कोण?" त्यांनी रिले खाली ठेवला. "तुझी आई सांगणार? की तू? उद्यापासून येऊ नकोस म्हणून?"

मी डबा सीटवर ठेवला. त्याच वेळी दारात लंबूची टॅक्सी येऊन उभी राहिली.

*

लंबू एरवी उतरायच्या आधीच बोलायला लागायचा. त्या दिवशी तो गप्प उतरला. बोनेट उघडलं तेव्हा जळक्या प्लॅस्टिकचा वास दुकानभर झाला.

त्याने जे सांगितलं ते असं. पहाटे स्टेशनवरून एक कुटुंब घेतलं होतं, आईबाप आणि कडेवरचं पोर. नदीकाठच्या रस्त्याला दाट धुकं. फॉग लाइट लावले होते. पुलाच्या अलीकडे वास यायला लागला, मग बोनेटच्या फटीतून धूर. तो थांबला, उतरला, बॅटरीवरची वायर हिसडून काढली. दिवे गेले. मागून ट्रक येत होता. लंबू मोबाइलचा उजेड वर धरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. एवढा उंच माणूस, म्हणून ट्रकवाल्याला दिसला.

"कोणाला काही झालं नाही," तो म्हणाला. "पण ते पोर जे रडायला लागलं काका, ते उतरेपर्यंत रडतच होतं."

मग त्याने खिशातून फ्यूज काढून तळहातावर धरला. हिरवा होता, तिसाचा.

"मागच्या आठवड्यात दोनदा उडाला होता. तुम्ही वायर आणायला गेला होता तेव्हा मी येऊन गेलो. मावशीने हा दिला. म्हणाली, हा नाही उडणार." तो ओशाळल्यासारखा हसला. "खरंच नाही उडाला."

काकांनी त्याच्या तळहातावर आपला हात ठेवला आणि फ्यूज मुठीत घेतला.

"मीच दिला होता तो," ते म्हणाले.

"काका, तुम्ही नव्हता त्या दिवशी."

"मीच दिला होता म्हणतोय ना."

लंबूने मागे बघितलं. मावशी पदराला हात पुसत येत होती. त्याने काकांकडे पाहिलं. "बरं," तो हळूच म्हणाला. "तुम्हीच."

"काय रे लंब्या, आज तोंड का पाडलंय?" मावशीने बोनेटमध्ये डोकं घातलं आणि श्वास ओढला. तिचा चेहरा बदलला. "वायर तापलीय. फ्यूज कितीचा होता?"

काकांनी फ्यूजची मूठ खिशात घातली.

"अहो, कितीचा होता?"

"बघतो मी," काका म्हणाले. "तू बस जरा. ही डबा घेऊन आलीय बघ."

"तुमचा हात जातो का तिथे?"

तिने खिळ्यावरचा बल्ब काढला. कोणाला काही विचारलं नाही. दोन्ही दिवे सोडवले, फ्यूजच्या जागी बल्ब जोडला. "लंब्या, स्विच दाब." बल्ब पेटला. दिवसाच्या उजेडातही त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मग ती वायरीमागे निघाली. एक शब्द अडला नाही, एक हत्यार चुकलं नाही. बॅटरीजवळचा तुकडा चाचपला, बल्ब तसाच. रिलेपाशी हलवून पाहिलं, तसाच. काका शेजारी उभे होते, बल्बकडे न बघता तिच्याकडे बघत. ती गुडघ्यांवर बसली, बाही वर केली आणि हात बंपरमागे सरकवला, खांद्यापर्यंत. डोळे मिटून घेतले. ती नेहमीच मिटायची.

बल्ब विझला.

"इथे," मावशी म्हणाली.

तिने वायर अलगद ओढून फटीतून बाहेर काढली. दोन दिव्यांकडे वायर फुटते तिथला सांधा होता. टेप सुरेख गुंडाळलेली होती, एकावर एक सारखे वेढे. फक्त ती सांध्यावर नव्हती. बोटभर अलीकडे, नुसत्या चांगल्या वायरीवर गुंडाळलेली होती. सांध्याची तांब्याची तार तशीच उघडी, पत्र्याला लागून लागून काळी पडलेली.

टेपच्या टोकाला कान होता. पातळ, नखाएवढा.

मावशीने तो दोन बोटांत धरून बघितला.

"बघा," ती म्हणाली, "कान कसा काढलाय. माझ्याकडे बघून शिकलाय मेला." मग तिची नजर उघड्या तारेवर गेली. "आणि सांधा उघडा. कोणाचं काम आहे हे?"

लंबू तोंड फिरवून रस्त्याकडे बघायला लागला.

"अहो, मी विचारतेय. कोणाकडून करून घेतलंत?"

"आहे एक जण," काका म्हणाले.

"आपल्या दुकानात?"

"हो."

"मला सांगितलं नाहीत." ती रागावली नव्हती, तिला वाईट वाटलं होतं. "किती दिवस झाले?"

"बरेच झाले. चांगलं काम आहे गं त्याचं. जुना माणूस आहे."

"असेल." तिने वायर त्यांच्यापुढे धरली. "पण गाडीत माणसं बसतात. याला आता दिसत नाही, नाहीतर ध्यान नसतं. काढून टाका त्याला."

"बघू."

"बघू काय? आजच सांगा. तुम्हाला जिवावर येत असेल तर मी सांगते."

"नको," काका म्हणाले. "मी सांगतो."

ती थोडा वेळ त्या सांध्याकडेच बघत राहिली. मग तिने कान धरून टेप सोडवली, तार घासून चकचकीत केली, नवी टेप घेतली. गुंडाळता गुंडाळता आवाज उतरला. "ओरडू नका हं त्याच्यावर. त्याच्या लक्षात नसेल आलं."

"नाही ओरडणार."

"घरी कोणी आहे ना त्याला? बघणारं?"

"आहे," काका म्हणाले.

"मग जाऊ दे घरी."

तिने टेप तोडली. या वेळी ती सांध्यावर होती, अगदी बरोबर. कानही काढला. मग काकांनी तिच्या हातात डब्यातला निळा फ्यूज दिला आणि तिने तो बसवला. लंबूने दिवे लावून पाहिले. तो जाताना मावशीच्या पायाशी वाकला, एवढा उंच माणूस, आणि ती म्हणाली, "पुरे रे, छताला डोकं आपटशील उठताना."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे होते. आईनेच पाठवलं होतं, कारण काकांनी आदल्या संध्याकाळी फोनवर फक्त "उद्या सांगतो तिला" एवढंच म्हटलं होतं. मावशी तयार होऊन दाराशी उभी होती. खांद्याला नेहमीची कापडी पिशवी.

काका बूट घालत होते. एकच बूट बराच वेळ घालत होते.

"त्या माणसाला सांगितलंत?" मावशीने विचारलं.

आदल्या दिवसाचं तिला सहसा काही आठवत नसे. हे कसं राहिलं होतं कोण जाणे.

"सांगितलं," काका म्हणाले.

"काय म्हणाला?"

"काही नाही. ऐकून घेतलं."

"रडला का?"

"नाही."

"बरं झालं." तिने दाराची किल्ली काढली. "चला, उशीर होतोय."

काका उठले आणि तिच्याबरोबर निघाले. मी घरी येऊन आईला सांगितलं की त्यांनी सांगितलं. कोणाला, ते मी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून काकांनी फॉग लाइटची नवी कामं घेणं बंद केलं. जुनी गाडी आली तर ते बंपर उतरवायचे, मग अर्धा दिवस जावो नाहीतर सबंध. बंपर उतरवला की मावशी टोमणा मारायची, "एवढ्यासाठी? माझा हात गेला असता की." ते म्हणायचे, "तुला दुसरं काम आहे." ते काम त्यांनी आधीच मांडून ठेवलेलं असायचं: वायरीचं एक भेंडोळं, जे कोणत्याही गाडीला लागायचं नव्हतं, जागोजाग तोडलेलं. मावशी जुन्या सीटवर बसून ते सांधत बसायची. तारा पिळायची, टेप गुंडाळायची, कान काढायची. संध्याकाळी ती हात धुवायला गेली की काका ते सगळे कान धरून ओढायचे, टेप सोडवायचे आणि तीच वायर दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा मोकळी करून ठेवायचे.

मी कधी गेले की त्यांना मदत करायचे. कान धरला की टेप सरसर सुटून यायची. तिने म्हटलं होतं, उद्या कोणाला तरी उघडावं लागणार.

लोक दुकानात यायचे, "मावशी आहे का?" विचारायचे. काका म्हणायचे, "आहे ना. कामात आहे." ती मान वर करून हसायची. कोण आलंय ते तिला कळलेलं नसायचं, पण आपण कामात आहोत हे तिला कळत होतं.

थंडी सरताना मी एका संध्याकाळी गेले होते. मावशी बेसिनपाशी नळ सोडून उभी होती, हात पाण्याखाली धरून, धुवायचं विसरून. काकांनी भेंडोळं उचललं आणि पहिला सांधा हातात घेतला. त्याच्यावरून अंगठा फिरवला. वायर वळवून दुसऱ्या बाजूने फिरवला. मग दिव्याखाली नेऊन चष्मा लावला आणि नखाने टेपची कड शोधायला लागले.

टेप सगळीकडून गुळगुळीत होती. टोक दाबून चिकटवून टाकलं होतं.

त्यांनी दुसरा सांधा पाहिला, तिसरा पाहिला. मी फळीवरचं ब्लेड काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ब्लेडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. भेंडोळं तसंच गुंडाळलं आणि सर्वांत वरच्या फळीवर, हाताला येणार नाही असं मागे सरकवून ठेवलं. मग खिळ्यावरची नवी वायर उतरवली आणि उद्यासाठी तिचे तुकडे तोडायला बसले.

मावशीने नळ बंद केला. ओले हात तसेच धरून ती दाराशी येऊन उभी राहिली.

"अहो, झालं का? चला ना. घरी कोणीतरी वाट बघत असेल."

काकांनी हातातली पक्कड खाली ठेवली.

"हो," ते म्हणाले. "चल." आणि त्यांनी शटर ओढलं.